अडलेला बोल्ट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मक्याच्या शेतांच्या कडेला, एक म्हातारा राहत होता. त्याच्या घरामागे पत्र्याची एक मोठी शेड होती आणि त्या शेडमध्ये एक विमान उभं होतं. ते विमान त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं.

त्या मुलखात याचं कुणाला फार नवल वाटत नसे. त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला चेरी ग्रोव्ह नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे राहणाऱ्या बर्नार्ड पिटेनपोल नावाच्या माणसाने १९२९ साली लाकडाचं नि कापडाचं दोन माणसांचं विमान बांधून त्याला फोर्ड मोटारीचं इंजिन बसवलं आणि ते उडवून दाखवलं. मोटारीच्या इंजिनावर विमान उडेल यावर एका मासिकाच्या संपादकाचा विश्वास बसेना, तेव्हा १९३० साली अशी दोन विमानं त्याला दाखवायला मिनियापोलिसला जाऊन उतरली. मग आराखडे मासिकात छापून आले. त्या विमानाचं नाव एअर कँपर. ज्याच्याकडे आराखडे, लाकूड आणि चिकाटी होती, त्याने ते आपापल्या कोठारात बांधलं.

म्हाताऱ्याने आपलं विमान बांधायला घेतलं तेव्हा तो तरुण होता आणि सुतारकाम करून पोट भरत होता. बर्फ पडू लागला की बाहेरची कामं थांबत आणि शेडमधलं काम सुरू होई. पंखांच्या फासळ्या त्याने एकाच साच्यात बसवून चिकटवल्या, म्हणजे सगळ्या सारख्या झाल्या. पंखांवर कापड चढवल्यावर ते फासळ्यांना शिवून घ्यावं लागतं. हे काम एकट्याच्या हातचं नव्हे. पंख उभा करून तो एका बाजूला बसला आणि बायको दुसऱ्या बाजूला. लांब सुई इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई. असे कितीतरी हिवाळे गेले.

विमान उडालं. मोटारीचं ४० अश्वशक्तीचं इंजिन, त्याच्यावर समोरच उभा केलेला पाण्याचा रेडिएटर. पुढचं दिसायचं ते त्या रेडिएटरच्या आजूबाजूने. विमान चालवणारा मागच्या खुर्चीत बसे. पुढच्या खुर्चीवर पंखाचं छप्पर यायचं आणि आत शिरायला दार नव्हतं, त्यामुळे बायकोला दरवेळी अंग चोरून, वाकून आत जावं लागे. ती दरवेळी हसे आणि दरवेळी जाई.

मग बायको गेली. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी म्हाताऱ्याचं हृदय तपासलं आणि विमान चालवणं बंद करायला सांगितलं. त्याने ऐकलं. विमानाला चादर घातली आणि शेडचं दार ओढून घेतलं. चार वर्षं गेली.

त्याची मुलगी शहरात राहत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, ते विमान विकून टाका. घर बंद करा आणि माझ्याकडे चला. एकटे कशाला राहता?" म्हातारा म्हणायचा, "बघू." पुढच्या रविवारी तेच बोलणं आणि तेच "बघू". हळूहळू मुलीचा आवाज चढू लागला. एकदा ती म्हणाली, "आईच्या आठवणींना किती दिवस कवटाळून बसणार आहात?" म्हाताऱ्याने फोन ठेवला नाही, पण तो बोललाही नाही.

शेवटी मुलीनेच विमानाला गिऱ्हाइकं शोधली. पहिल्याने विमानाभोवती एक फेरी मारली आणि किंमत विचारली. म्हातारा म्हणाला, "विकायचं नाही." दुसऱ्याने विचारलं, "किती वेगाने जातं?" म्हाताऱ्याने शेडला कुलूप घातलं. तिसरा माणूस चांगला होता, पैसेही घेऊन आला होता. त्याला म्हाताऱ्याने कॉफी पाजली, पिकापाण्याच्या गोष्टी केल्या आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. मुलगी चिडली. "तुम्हाला विकायचंच नाहीये," ती म्हणाली. म्हातारा म्हणाला, "बघू."

मग चौथा आला. हा तरुण शेजारच्या आयोवा राज्यात शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा. विमान चालवायचा परवाना त्याच्याकडे होता, विमान मात्र नव्हतं. शेडमध्ये येताच त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि कापडाला बोटही न लावता सगळं पाहिलं. चाकं पाहिली, तारा पाहिल्या, वाकून पोट पाहिलं. मग त्याने विचारलं, "याचे पंख कसे काढायचे?"

विचारणं भाग होतं. घरी बांधलेल्या विमानाची दरवर्षी तपासणी व्हावी लागते आणि याची चार वर्षं झालेली नव्हती, म्हणजे तसंच उडवत नेता येणार नव्हतं. न्यायचं तर ट्रेलरवर घालून रस्त्याने. पंखांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २९ फूट, आणि तिथल्या रस्त्यांवर साडेआठ फुटांहून रुंद काही न्यायचं तर खास परवानगी काढावी लागते.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मी सांगेन तसे काढायचे," तो म्हणाला. "तोंड माझं, हात तुझे. पैशांचं त्यानंतर बोलू."

वारा नसलेली सकाळ बघावी लागली. सुट्या पंखाखाली वारा शिरला की तो दोन माणसांना आवरत नाही. एका शनिवारी पहाटे मक्याचं पानही हलत नव्हतं. तरुण ट्रेलर घेऊन आला. शहरातून मुलगी आली. मदतीला शेजारचा शेतकरी आला. तिघांनी विमान शेडबाहेर ढकललं. म्हाताऱ्याला वजन उचलायची मनाई होती, म्हणून त्याने एक खोकं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसून तो सांगू लागला.

आधी टाकी रिकामी केली. चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे लावले. मग म्हाताऱ्याने पंखांची रचना दाखवली. पंखाचा मधला तुकडा चार आखूड खांबांवर धडाला कायमचा जोडलेला होता. त्याच्या दोन बाजूंना डावा नि उजवा पंख. प्रत्येक पंख मुळाशी दोन बोल्टांनी धरलेला, आणि बाहेरच्या अंगाला धडाच्या तळापासून तिरक्या वर गेलेल्या दोन दांड्यांनी. या दांड्यांना स्ट्रट म्हणतात.

"हा स्ट्रट काय करतो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पंखाला टेकू देतो," तरुण म्हणाला.

"जमिनीवर. पंख त्याच्यावर बसलेला असतो, तो दाबला जातो. हवेत गेलं की पंख वर जाऊ बघतो आणि धड खाली लोंबतं. तेव्हा तोच स्ट्रट ताणला जातो. जमिनीवर विमान पंखांना पेलतं, हवेत पंख विमानाला पेलतात. हे डोक्यात ठेव आणि मगच पान्हा उचल."

मधला तुकडा आणि पंख यांच्यातली फट झाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी तरुणाने काढली. आत तारा दिसल्या. पंखांच्या मागच्या कडेला एकेक हलती फळी असते, तिला एलरॉन म्हणतात. चालकाच्या हातातल्या दांडीपासून या तारा त्या फळ्यांपर्यंत जातात. एक तार फळी खाली ओढते, दुसरी वर. जोडाच्या जागी तारा ताणणारी टर्नबकलं होती आणि ती आपोआप सैल होऊ नयेत म्हणून बारीक तारेने बांधलेली होती. तरुणाने पक्कड पुढे केली.

"थांब," म्हातारा म्हणाला. "आधी खूण. खुणेशिवाय एकही तार सोडायची नाही."

तरुणाने कापडी चिठ्ठ्या बांधल्या: डावी वरची, डावी खालची, उजवी वरची, उजवी खालची. प्रत्येक टर्नबकलचे किती आटे बाहेर होते तेही लिहिलं. म्हातारा उठून आला, चारही चिठ्ठ्या त्याने वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि परत जाऊन खोक्यावर बसला.

नटांमधल्या कॉटर पिना निघाल्या. त्या वाकून गेल्या होत्या. म्हाताऱ्याने त्या मागून घेतल्या आणि खिशात टाकल्या. "एकदा वाकलेली पिन पुन्हा घालायची नाही. नव्या आण." जो बोल्ट निघेल तो त्याच भोकात परत घालून नट हाताने फिरवून ठेवायचा, असंही त्याने बजावलं, म्हणजे कुठला बोल्ट कुठला हा प्रश्नच उरत नाही.

डाव्या पंखाच्या टोकाशी मुलगी उभी राहिली, मुळाशी शेतकरी. मुलीने टोकाला हातांचा आधार दिला. तरुणाने स्ट्रटांचे बोल्ट काढले, मग मुळाशी स्वतः खांदा लावला आणि मागचा नि पुढचा बोल्ट शेतकऱ्याकडून काढून घेतला. पंख सुटला. "पुढची कड खाली," म्हातारा म्हणाला. "मागची कड नाजूक असते. आणि फासळ्यांच्या मधे कापडावर बोट दाबायचं नाही." तिघांनी पंख उभा धरून नेला आणि ट्रेलरमधल्या गालिच्याच्या झोळीत ठेवला. सगळं कसं सरळ झालं.

उजव्या पंखाशी मात्र काम अडलं. ऊन वर आलं होतं. पुढच्या स्ट्रटचा, धडाजवळचा खालचा बोल्ट निघेना. तरुणाने नट काढला, तेल सोडलं, बोल्ट चिमटीत धरून फिरवला. तो फिरेना. पक्कड लावली. तरीही हलेना. त्याने बोल्टाच्या टोकाला पितळी पंच लावून हातोडीने हलकेच ठोकलं. बोल्ट जागच्या जागी. शेतकरी म्हणाला, "गंजला असेल. मोठा हातोडा आणू का?" तरुणाने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "आणा."

"हातोडा खाली ठेव," म्हातारा म्हणाला.

तो उठला आणि स्ट्रटजवळ आला. त्याने बोल्टाकडे पाहिलंच नाही. तो पंखाच्या टोकाकडे पाहत होता. तिथे त्याची मुलगी उभी होती. बराच वेळ हात वर धरून तिचे दंड भरून आले होते आणि तिच्याही नकळत तिने भार सोडून दिला होता. हात पंखाला लागलेले होते, पण पंख पेलला जात नव्हता. तो सगळा स्ट्रटवर बसला होता.

"बोल्ट गंजलेला नाही," म्हातारा म्हणाला. "मी स्वतः त्याला ग्रीस लावलंय. त्याच्यावर वजन आलंय. वजनाखाली असलेला बोल्ट सोडत नाही, आणि त्याने सोडूही नये. त्यासाठीच तो तिथे आहे. घाव घातलास तर आटे मोडतील, भोक मोठं होईल, आणि बोल्ट निघाला तरी पुन्हा नीट बसणार नाही."

मग तो मुलीला म्हणाला, "पोरी, जरा वर उचल."

मुलीने जोर करून टोक वर उचललं. तरुणाने बोल्ट धरला. तो हलला नाही.

"फार झालं. आता स्ट्रट ताणला गेला. दाबला तरी अडतो, ताणला तरी अडतो. थोडं खाली घे. सावकाश. आणखी थोडं. बस, तिथेच धर."

म्हाताऱ्याने दोन बोटं पुढे केली आणि बोल्ट ओढला. तो तेलाचा बारीक आवाज करत सबंध बाहेर आला. त्याच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. त्याने तो तरुणाच्या तळहातावर ठेवला. मुलगी पंखाचं टोक धरून ते पाहत होती.

दुपारपर्यंत उजवा पंखही झोळीत गेला. चौघं शेडच्या सावलीत बसून जेवले. मुलीने पाव आणि चीज आणलं होतं. समोर पंखांवाचून विमान उभं होतं. तरुणाने खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, "आता पैशांचं बोलू या?"

म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला विकायचं नाही."

शेतकऱ्याने घास तसाच हातात धरला. तरुणाने पाकीट गुडघ्यावर ठेवलं. मुलीच्या तोंडून शब्द निघू लागले, "बाबा, आता? पंख काढून झाल्यावर? तुम्हाला ना..." आणि ती मधेच थांबली. सकाळपासून भरून आलेल्या दंडांकडे तिचं लक्ष गेलं. ती उठून बापाच्या शेजारी जाऊन बसली. गेल्या चार वर्षांत जे तिने एकदाही विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"बाबा, तुमच्यावर कसलं ओझं आहे?"

म्हाताऱ्याने लगेच उत्तर दिलं नाही. तीही काही बोलली नाही. तिने पुढे तर्क केला नाही, आईचं नाव काढलं नाही. ती नुसती बसून राहिली. शेवटी म्हाताऱ्याने हाताने विमानाच्या धडाकडे खूण केली. तिथे एक लहानशी धातूची पट्टी होती.

"त्या पट्टीवर माझं नाव आहे," तो म्हणाला. "कायद्याने लावावी लागते. आगीतसुद्धा जळत नाही ती. विमान उद्या दहा जणांच्या हातांतून गेलं तरी बांधणारा म्हणून नाव माझंच राहणार. माझा एक मित्र होता. त्यानेही असंच एक बांधलं आणि विकलं. घेणाऱ्याने हिवाळ्यात पंख काढून ठेवले आणि वसंतात पुन्हा लावले. दोन तारांची अदलाबदल झाली. दांडी हलवली की फळ्या हलत होत्या, म्हणून त्याला वाटलं सगळं ठीक आहे. हलत होत्या, पण उलट्या. जमीन सुटताच विमान डावीकडे कललं. त्याने दांडी उजवीकडे लोटली, तर ते आणखी डावीकडे गेलं. पोरसवदा होता बिचारा. माझ्या मित्राची काही चूक नव्हती, सगळ्यांनी त्याला तसं सांगितलंही. पण त्याने पुन्हा रंधा हातात धरला नाही."

तो थोडा थांबला.

"इथे उभं आहे तोवर ते कुणाचा जीव घेणार नाही. गेलं की माझा हात त्याच्यापर्यंत पोचणार नाही, नाव मात्र त्याच्यावर राहील. मला विमानाचं काही नाही. मला रात्री झोप येणार नाही."

मुलीला काय बोलावं ते कळेना. ती इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत होती ते कारण इथे कुठे नव्हतंच.

तरुण मात्र घाई न करता म्हणाला, "मला एक विचारायचं होतं, धीर होत नव्हता. बांधणाऱ्याला त्या एका विमानाची वार्षिक तपासणी करून सही करायचं प्रमाणपत्र मिळतं. तुमच्याकडे आहे ना?"

"आहे."

"विमान विकलं तरी ते तुमच्याकडेच राहतं. मला ते मिळणार नाही. मला दरवर्षी कुणीतरी शोधावंच लागेल. तर तुम्हीच याल का? पंखही तुमच्यासमोरच लावीन. तारा मी जोडीन, चिठ्ठ्या तुम्ही वाचा. तुमची सही होईपर्यंत मी टाकीत पेट्रोल घालणार नाही."

मुलगी म्हणाली, "मी गाडीने नेईन तुम्हाला." त्यापुढे "आणि तिथून माझ्याकडेच चला" हे तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. फार उचललं तरी अडतं, हे तिने सकाळीच पाहिलं होतं.

म्हाताऱ्याने तरुणाला विचारलं, "कॉटर पिना कुठल्या आणशील?"

"नव्या."

"बरं," म्हातारा म्हणाला. "दे पैसे."

शेपटीच्या हलत्या भागांना लाकडी पट्ट्या बांधल्या, रस्त्यावरच्या वाऱ्याने ते फडफडून मोडू नयेत म्हणून. धड ट्रेलरवर चढवलं, चाकं बांधली आणि संध्याकाळच्या आत तरुण निघाला.

पंधरवड्याने मुलगी बापाला घेऊन आयोवाला गेली. पंख लावताना ती पुन्हा टोकाशी उभी राहिली. या खेपेला बोल्ट आत जाईना, तेव्हा कुणी हातोडा मागितला नाही. मुलीने टोक किंचित वर घेतलं, किंचित खाली घेतलं, आणि बोल्ट गेला. सगळे बोल्ट, सगळ्या तारा झाल्यावर म्हातारा अंग चोरून मागच्या खुर्चीत उतरला. त्याने दांडी मुठीत धरली आणि अंगठा उभा ठेवला.

"अंगठा ज्या बाजूला कलेल त्या बाजूची फळी वर गेली पाहिजे," तो म्हणाला. "हलली म्हणून भागत नाही. कुठे हलली ते बघ."

त्याने दांडी डावीकडे नेली. डावी फळी वर गेली. उजवीकडे नेली. उजवी वर गेली. मग तरुणाने एकेक फळी हाताने घट्ट धरली आणि म्हाताऱ्याने दांडीला जोर लावला. जोर तारांतून सरळ त्याच्या तळहातापर्यंत पोचला, कुठेही ढिला पडला नाही. म्हाताऱ्याने दोन दिवस लावून सगळं विमान तपासलं आणि वहीत सही केली. त्यानंतरच टाकीत पेट्रोल पडलं. विमान उडालं आणि तरुणाने ते सुखरूप खाली आणलं.

घराचा विषय मुलीने त्यानंतर काढला नाही. थंडी जवळ आली तेव्हा एका रविवारी फोनवर तिने एवढंच विचारलं, "बाबा, हिवाळ्यात घर सोडायचं म्हटलं तर तुम्हाला काय अडतं?"

तिला वाटलं होतं, आता तरी आईचं नाव निघेल. म्हातारा म्हणाला, "नळ. घर गरम ठेवलं नाही तर पाणी गोठून नळ फुटतात. वसंतात येऊन बघावं तर सगळी लाकडी जमीन कुजलेली. सुताराचं घर आहे हे."

मुलीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चार वर्षं ती आठवणींशी भांडत होती आणि इथे नळ आडवे आले होते. तिने शेजारच्या शेतकऱ्याला फोन केला. त्याने येऊन नळांतलं सगळं पाणी काढून टाकलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि आठवड्यातून एकदा फेरी मारायचं कबूल केलं. त्या हिवाळ्यात म्हातारा मुलीकडे राहिला. वसंतात तो आपल्या घरी परत गेला आणि मुलीने त्याला अडवलं नाही. पुढच्या थंडीत त्याने स्वतःच फोन केला, "कधी येतेस न्यायला?"

आपल्याही घरात असं कुणीतरी असतं. काही केल्या ऐकत नाही, सोडत नाही, जागचं हलत नाही. आपण त्याला हट्टी ठरवतो आणि आवाज चढवतो. पण जो अडला आहे तो बहुतेक वेळा काहीतरी पेलून उभा असतो. ते काय आहे, हे आपल्या तर्काने कळत नाही. त्या मुलीचा तर्क तर दोन्ही वेळा चुकला. ते विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत हात न सोडता थांबावं लागतं. मग लागेल तेवढाच भार आपण उचलायचा, कमी नको आणि जास्तही नको. हातोडा मारायला एकटा माणूस पुरतो. बोल्ट न मोडता काढायचा असेल, तर पंखाच्या टोकाशी कुणीतरी उभं राहावं लागतं.